मुरगळलेला पाय आणि शेतातील वाट

शेतात काम करताना पाय मुरगळणे ही आपल्याकडे क्षुल्लक बाब समजली जाते. तेल लावून चोळावे, फडके बांधावे व दुसऱ्या दिवशी कामास लागावे, अशी रीत आहे. ही रीत सोडणे इष्ट आहे.

शिरूर व दौंड तालुक्यांत घोड व भीमा या नद्यांच्या आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस पिकतो. उसाच्या रानात खोल सऱ्या, ओले वरंबे, पाटाचे निसरडे काठ व तोडीनंतर राहिलेले बुडखे असतात. विजेची पाळी रात्रीची आली म्हणजे दारे धरणारा अंधारात याच वाटेने जातो. तोडणीचा मजूर डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून वाहनावर चढतो. त्यास पायाखालचे दिसत नाही. पाऊल एकदम आत वळते आणि घोट्याच्या बाहेरील अंगाचे अस्थिबंध ताणतात किंवा तुटतात.

या दुखापतीच्या तीन पायऱ्या आहेत. अस्थिबंध नुसता ताणला असल्यास एकदोन आठवड्यांत आराम पडतो. तो अंशतः फाटल्यास बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. पूर्ण तुटल्यास कित्येक महिने जातात. घोट्याच्या हाडावर दाबताच दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडल्याचा संशय धरून रुग्णास सरकारी रुग्णालयात न्यावे व क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

पहिले दोनतीन दिवस चोळणे व शेकणे वर्ज्य करावे. थंड पाण्याची घडी ठेवावी, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. दुखणे ओसरल्यावर घोट्याचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. कच्चा राहिलेला घोटा पुनःपुन्हा मुरगळतो.

ज्याचे पोट रोजावर आहे, त्यास मात्र विश्रांतीचा उपदेश पुरेसा नाही. त्याचा पाय मुरगळू नये, हे पाहणे शेतमालकाचे कर्तव्य होय. पाटाकाठची वाट सपाट करणे, बुडखे जमिनीलगत छाटणे, फळी रुंद व आडपट्ट्यांची ठेवणे आणि रात्री दारे धरणाऱ्यास विजेरी देणे, यांस खर्च थोडाच येतो. अवजारांची निगा राखणाऱ्या शेतकऱ्याने माणसाच्या पायाची निगा राखू नये, हे शोभत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत पिकाबरोबर वाटेकडेही पाहावे.