प्रशासकाची सही आणि शहराचे भूखंड

मुंबई महापालिकेने 2024 मध्ये आपल्या मालकीचे तीन भूखंड लिलाव करून भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवले. वरळीची ॲस्फाल्ट प्लांटची जागा, मलबार हिलवर बेस्टच्या वीजकेंद्रासाठी राखलेला तुकडा आणि क्रॉफर्ड मार्केटजवळ पलटण रस्त्यावरची छत्रपती शिवाजी महाराज मंडईची जागा. मुदत 30 वर्षांची, पुढे आणखी 30 वर्षे वाढवून मिळण्याची सोय. आज पहिलीत असलेले मूल निवृत्त होईपर्यंत ही जमीन शहराच्या हाती परत येणार नाही, असा याचा अर्थ. आणि एवढा लांबचा निर्णय ज्या काळात झाला, त्या काळात महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता.

पालिकेच्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले, तारखांवर तारखा पडत राहिल्या आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने चालवला. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात मालमत्ता विकण्याची किंवा भाड्याने देण्याची एक रीत आहे. आयुक्तांनी प्रस्ताव मांडायचा आणि निर्वाचित सभासदांनी तो तपासून मंजूर किंवा नामंजूर करायचा. भूखंडाचा विषय आधी सुधार समितीपुढे येई, तिथे प्रश्न विचारले जात, जागेची पाहणी होई, कधी प्रस्ताव दप्तरी दाखल होई. प्रशासकाच्या राजवटीत आयुक्त, समिती आणि सभागृह हे तिन्ही अधिकार एकाच खुर्चीत आले. ज्या अधिकाऱ्याने प्रस्ताव मांडला, त्याच्याच सहीने तो मंजूर झाला.

नगरसेवक धुतल्या तांदळासारखे होते, असे आमचे म्हणणे नाही. आरक्षणे उठवण्याचे व्यवहार याच सभागृहात झाले आहेत आणि मुंबईकर ते विसरलेले नाहीत. पण नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी त्याच गल्लीत हात जोडून जावे लागते. बदली होऊन दुसऱ्या खात्यात गेलेल्या अधिकाऱ्याला पलटण रस्त्यावरच्या मासळीवालीला कधीच तोंड द्यावे लागत नाही.

या मासळीवालीकडे जरा थांबून बघायला हवे, कारण 'वापरात नसलेला भूखंड' कसा तयार होतो हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. शिवाजी मंडईची इमारत धोकादायक ठरली, रिकामी करून पाडली गेली. मासळी विकणाऱ्या कोळी बायकांची आणि घाऊक व्यापाऱ्यांची तात्पुरती सोय इकडेतिकडे झाली, घाऊक बाजारासाठी ऐरोलीचे नाव पुढे आले. आता ऐरोली कुठे आणि क्रॉफर्ड मार्केट कुठे! पहाटे ससून डॉकवर बोटी लागतात, लिलावात घेतलेला माल बर्फात घालून तासाभरात ओट्यावर आला तरच त्याला भाव मिळतो. या धंद्याला लागते तरी काय? बसायला ओटा, धुवायला पाण्याचा नळ, पाणी वाहून जायला गटार, बर्फाची गाडी उभी राहील एवढी जागा आणि रोजचे गिऱ्हाईक. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती कोणत्याही पुनर्वसनाच्या आराखड्यात दाखवता येत नाही. पापलेट कुणाला हवे, कुणाला बोंबीलच लागतात, उधारी कुणाकडे थकली आहे, हे सारे त्या जागेशी बांधलेले असते. मंडई पाडली तेव्हा तिथे पुन्हा मंडईच उभी राहील असे या बायका धरून चालल्या होत्या. लिलावाची जाहिरात निघाली तेव्हा त्या रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या दृष्टीने ती जागा एक दिवसही मोकळी नव्हती.

इमारत आधी दुरुस्तीविना राहते, मग धोकादायक ठरते, मग पडते, मग तिच्याखालची जमीन कागदावर 'रिकामी' होते आणि रिकामी म्हणून विक्रीला निघते. हा क्रम मंडईपुरता नाही. पालिकेचे प्रसूतिगृह, वाचनालय, व्यायामशाळा, तरणतलाव यांपैकी कशालाही तो लागू पडतो. म्हणून एखादी मालमत्ता पालिकेला नकोशी झाली आहे असा शेरा फाइलवर आला, की पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे: तिच्या देखभालीवर गेल्या दहा वर्षांत किती खर्च झाला?

पैशांची गरज आहे, हे पालिकेचे उत्तर. त्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. 1 जुलै 2017 पासून जकात बंद झाली, त्याबरोबर रोज नाक्यावर जमा होणारा हक्काचा पैसा गेला आणि पालिका राज्य सरकारच्या भरपाईवर अवलंबून राहिली. किनारी रस्ता, बोगदे, सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, सगळे रस्ते काँक्रीटचे करणे अशा कामांची देणी दोन लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली आहेत. एके काळी 90 हजार कोटींच्या वर असलेल्या मुदत ठेवी खाली आल्या. पण ज्या संस्थेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार 427 कोटी रुपयांचा होता, तिची नड तीन भूखंडांनी भागणार आहे का? दात कोरून पोट भरत नाही. भूखंडाचे पैसे एका वर्षाच्या जमेत दिसतात, पुढच्या वर्षी ते कोणत्या पुलाच्या खांबात गेले हे कुणालाही सांगता येत नाही. जमीन मात्र 60 वर्षे गेलेली असते.

त्यातून, पैसा कमी पडला की पहिली कुऱ्हाड करमणुकीवर आणि खेळावर पडते, त्याचे मूळ कायद्यातच आहे. पाणी, मलनिस्सारण, रस्ते, रुग्णालये ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये. उद्याने, मैदाने, वाचनालये ऐच्छिक. 1888 मध्ये ही विभागणी समजण्यासारखी होती, तेव्हा शहराभोवती शेते, मिठागरे आणि माळराने होती, मुलांना खेळायला पालिकेची गरज नव्हती. आज मुंबईत माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा आहे, तर केंद्राच्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांमध्ये 10 ते 12 चौरस मीटरची अपेक्षा आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे एक सतरंजीसुद्धा पुरती पसरत नाही. संध्याकाळी पाच वाजता कोणत्याही पालिका मैदानावर जाऊन पाहावे. एकाच पट्ट्यात चार सामने चाललेले असतात, एका संघाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या संघाच्या यष्ट्यांजवळ उभा असतो, कडेने आजोबा फेऱ्या मारत असतात आणि मुलींना कोपरा मिळालाच तर मिळतो. अशा शहरात मैदान ही ऐच्छिक बाब कशी राहू शकते?

जमीन विकून सेवा वाचवू, हा प्रयोग याच शहरात बेस्टने करून पाहिला आहे. कुर्ला, माहीम, ओशिवरा, यारी रोड इथल्या आगारांच्या जागा खासगी विकासकांना देण्यात आल्या. खाली बसगाड्या, वर इमारती आणि त्या पैशांतून नव्या बस, असा हिशेब मांडला होता. काही विकासकांकडून ठरलेली रक्कमच वेळेवर आली नाही, वसुलीसाठी बेस्टला वर्षानुवर्षे भांडावे लागले. दरम्यान स्वतःच्या बसगाड्यांचा चार हजारांवरचा ताफा हजाराच्या आत आला, त्यांची जागा कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्यांनी घेतली. रोजचे प्रवासी 40 लाखांवरून 30 लाखांच्या खाली उतरले. मे 2025 मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले. आगाराच्या जागी उंच इमारत आली आणि थांब्यावर पाऊण तास उभे राहणाऱ्या घरकामवालीचे भाडे दुप्पट झाले. एवढे होऊनही आगारांच्या जागा विकसित करून तोटा भरून काढण्याची भाषा पुन्हा सुरू झाली आहे.

आणि गिरण्या. मुंबईत पुनर्विकास हा शब्द उच्चारला की गिरणगाव आठवलाच पाहिजे, कारण एवढी मोठी संधी या शहराला पुन्हा मिळणार नाही. सुमारे 600 एकर जमीन, तीही परळ, लालबाग, वरळी, भायखळा अशा शहराच्या मध्यावर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने तिची वाटणी ठरवली होती: एक हिस्सा पालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करणारा आराखडा सुचवला. पदपथ, चौक, बागा एकमेकींना जोडणारा. तो बाजूला पडला. 2001 मध्ये नियमात असा बदल झाला की वाटणी पूर्ण जमिनीची न होता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या भागाची करायची. गिरणीच्या शेडने आणि गोदामांनी व्यापलेली जमीन हिशेबातून गेली, पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा मूठभर उरला. हा बदल झाला तेव्हा शहरात फारसा आवाजही उठला नाही, कारण तो अंकांच्या आणि व्याख्यांच्या आड ताकास तूर लागू न देता केलेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये मूळ तिसऱ्या हिश्शाच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो फिरवला. त्याआधीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्या लिलावात काढल्या होत्या. शिवसेना भवनासमोरची कोहिनूर मिल 421 कोटींना गेली. तिच्या जागची इमारत पुरी व्हायला दीड दशक लागले.

18 जानेवारी 1982 ला संपावर गेलेल्या गिरणी कामगारांचे काय झाले? घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस दीड लाखांहून जास्त, आणि मिळालेली घरे वीस हजारांच्या आत. उरलेल्यांना शेलू आणि वांगणीची घरे दाखवली जातात. ज्यांच्या आजोबांनी परळच्या गिरणीत तीन पाळ्या केल्या, त्यांच्या नातवांनी कर्जतच्या लोकलने ये-जा करावी, असा तो प्रस्ताव आहे. गिरणगावात संध्याकाळी जे काही घडत असे, व्यायामशाळेतली कबड्डी, गल्लीतले नाटक, भजनाची बारी, त्याला लागणाऱ्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा कायद्याने शहराला मिळालेला होता. तो आपण गमावला, आणि तोही एका व्याख्येच्या बदलाने. म्हणून तीन भूखंडांचा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही.

वेगळे घडू शकते, याचाही पुरावा आहे. महालक्ष्मी रेसकोर्सचा 1914 चा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला. 211 एकरांवर काय काय उभे करता येईल याची चित्रे त्यानंतर दहा वर्षे रंगवली गेली. अखेर 2024 मध्ये 120 एकर पालिकेकडे सार्वजनिक उद्यानासाठी आले आणि 91 एकर घोड्यांच्या शर्यतींसाठी नव्या 30 वर्षांच्या पट्ट्याने रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडे राहिले. किनारी रस्त्याच्या भरावावरची मोकळी जमीन त्याला जोडली तर सुमारे 300 एकरांचे उद्यान होऊ शकते. ही चांगली बातमी आहे आणि ती तशीच राहावी म्हणून डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. उद्यानाखाली वाहनतळ किती, वर बांधकाम किती, प्रवेशाला शुल्क आहे की नाही, हे तपशील अजून ठरायचे आहेत. जागा मिळाल्यावर ती दुसऱ्याच्या हाती देण्याची वाईट सवय आपल्याला आहे. जानेवारी 2016 मध्ये मैदाने-उद्याने खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण पालिकेत मंजूर झाले, तेव्हा नागरिकांच्या संतापामुळे मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली आणि आधी दिलेली 216 मैदाने-उद्याने परत घेण्याचे काम हाती घ्यावे लागले. 2023 मध्ये तेच धोरण नव्या मसुद्यात पुन्हा आले.

जानेवारी 2026 मध्ये मतदान झाले आणि 227 नगरसेवकांचे सभागृह पुन्हा भरले आहे. त्याने तीन गोष्टी ताबडतोब कराव्यात. प्रशासकाच्या काळात भाडेपट्ट्याने दिलेल्या किंवा द्यायला काढलेल्या प्रत्येक भूखंडाची कागदपत्रे, मूल्यांकनासह, सभागृहापुढे मागवावीत आणि जिथे करार पुरा झालेला नाही तिथे तो थांबवावा. यापुढे कोणतीही मालमत्ता देण्याआधी त्या प्रभागात जाहीर सुनावणी घ्यावी, तीही कामावरून सुटलेल्या माणसाला येता येईल अशा वेळी. आणि जमिनीतून येणारा पैसा सर्वसाधारण जमेत न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून फक्त जमीन, मैदाने, मंडया आणि नाट्यगृहे यांवरच खर्च करण्याचा ठराव करावा. मुलुंडचे कालिदास, विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे ही पालिकेची नाट्यगृहे अशाच निधीच्या आधाराने नीट उभी राहतील.

यांतली कागदपत्रे मागवण्याला बहुमत लागत नाही. एका नगरसेवकाने लेखी प्रश्न टाकला तरी प्रशासनाला उत्तर द्यावे लागते. तो प्रश्न कोणत्या पक्षाचा नगरसेवक आधी टाकतो, याकडे पलटण रस्त्यावर, वरळीत आणि मलबार हिलवरही लोकांचे लक्ष आहे.