दहा टक्क्यांची सबब

परीक्षागृहात मुलापाशी चिठ्ठी सापडली की घरादाराची मान खाली जाते. मात्र त्याच मुलाने दुसऱ्याच्या प्रबंधावरून आपला प्रकल्प उतरवला, किंवा पैसे मोजून तो लिहवून घेतला, तर 'सगळेच करतात' अशी त्याची पाठराखण होते. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित लेखन द्यावयाचे, ६० टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर ते देण्यास मनाई आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द! परंतु आम्ही यातून सोयीचा अर्थ काढला की, दहा टक्के चोरी माफ. ही सवलत किरकोळ साम्यासाठी आहे, उचलेगिरीचा तो परवाना नव्हे.

शिवाय यंत्र मोजते ते शब्दांचे साम्य. शब्द फिरवून परक्याचा विचार स्वतःच्या नावावर खपवला, तर संगणक कदाचित गप्प बसेल. म्हणून ती चोरी नव्हे काय? कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेला निबंध कोणत्याही ग्रंथाशी जुळला नाही, तरी तो विद्यार्थ्याचा कसा ठरतो?

'पुढे कोण विचारतो?' असे म्हणणाऱ्यांनी जर्मनीचे तत्कालीन संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचे उदाहरण आठवावे. प्रबंधात इतरांचा मजकूर श्रेय न देता घेतल्याचे उघड झाल्यावर २०११ साली बायरॉइट विद्यापीठाने त्यांची डॉक्टरेट काढून घेतली आणि त्यांना मंत्रिपदही सोडावे लागले.

अनेक विद्यार्थी अज्ञानापोटी चुकतात, हेही खरे. तेव्हा महाविद्यालयांनी शिक्षेआधी शिक्षण द्यावे. टिपण काढतानाच ग्रंथाचे नाव व पृष्ठांक नोंदवावा. जसेच्या तसे घेतलेले वाक्य अवतरणचिन्हांत ठेवावे. विचार स्वतःच्या शब्दांत मांडला, तरी मूळ लेखकाचा निर्देश करावा. शंका आल्यास प्राध्यापकांना आधीच विचारावे. यासाठी पैसा लागत नाही. थोडे कष्ट मात्र लागतात, आणि तेच टाळण्यासाठी हा सारा खटाटोप चालतो.

पालकहो, प्रकल्पाला गुण किती मिळाले, हे आपण आवर्जून विचारतो. त्यात तुझे स्वतःचे किती, हे त्याआधी विचारा. आणि उत्तर देताना मुलगा अडखळला, तर प्रकल्प पुन्हा लिहावयास बसवा.