उलटा डोंगर आणि उष्णतेचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, डोंगर म्हटला की आधी चढ आणि मग उतार, हे तुम्हाला सांगायला नको. राजगड असो वा कळसूबाई, दमछाक होते ती सकाळी, अंगात ताकद असताना. पाय थकतात तेव्हा परतीची वाट उताराची असते. मध्येच दम संपला तर मागे वळता येते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील ॲरिझोना राज्यात मात्र एक उलटा डोंगर आहे. कोलोरॅडो नदीने वाळवंटी पठारात कोरलेली ग्रँड कॅन्यन ही ती प्रचंड घळ. तिच्यातील खडतर पायवाटांवर चालायला आणि धावायला जगभरातून धडधाकट माणसे येतात. त्यांपैकी शेकडो जणांच्या मदतीला दरवर्षी बचाव पथकाला धावावे लागते, आणि काहींना प्राणही गमवावे लागतात.

अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, बिचाऱ्यांना सराव नसेल, किंवा जिद्द कमी पडली असेल. हे म्हणणे मला पटत नाही. तिथे प्राण गमावणाऱ्यांत तरुण आणि कसलेले धावपटूही असतात. त्यांना कमी पडतो तो हिशेब, आणि तो शाळेतल्या पदार्थविज्ञानाने मांडता येतो.

आधी भूगोल पाहू. घळीचा दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंच आहे, तर तळाशी वाहणारी नदी सुमारे ७५० मीटरवर. म्हणजे उभा फरक १३५० मीटरचा. आपल्या महाबळेश्वरची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळजवळ इतकीच आहे. ‘ब्राइट एंजल’ या प्रसिद्ध वाटेने नदीकाठच्या मुक्कामापर्यंत साधारण १५ किलोमीटर चालावे लागते. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. त्यामुळे जुलैच्या दुपारी कड्यावर २९ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असते, तेव्हा तळाशी ते ४१ अंशांवर गेलेले असते. पहाटेच्या गार हवेत, उताराच्या वाटेने, मजेत निघालेला माणूस दुपारी भट्टीच्या तळाशी पोचतो, आणि खरा चढ तेव्हा सुरू होतो.

आता वही-पेन्सिल घ्या. सामानासह ६० किलो वजनाचा मुलगा १३५० मीटर चढला, तर त्याने केलेले कार्य ६० × ९.८ × १३५०, म्हणजे सुमारे ८०० किलोज्यूल होईल. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कामात बदलू शकतात. म्हणून या कामासाठी ३२०० किलोज्यूल खर्ची पडतील आणि त्यांतील २४०० किलोज्यूल शरीरात उष्णतेच्या रूपाने साठू लागतील. एक लिटर घामाचे बाष्पीभवन व्हायला साधारण तेवढीच, २४०० किलोज्यूल, उष्णता लागते. म्हणजे नुसते शरीर वर उचलण्यापायी पूर्ण एक लिटर घाम गेला! यात १५ किलोमीटरची आडवी वाटचाल धरलेली नाही. डोक्यावरचे ऊन धरलेले नाही, तापलेल्या काळ्या खडकांतून येणारी धगही धरलेली नाही. शिवाय त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम असली की ती शरीराला थंड करीत नाही, उलट तापवते. मग बाष्पीभवन हा उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो.

कोकणात उन्हाळ्यात अंगावरून घामाच्या धारा लागतात. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि जो घाम न सुकता खाली ठिबकतो तो शरीराला थंड करीत नाही. वाळवंटात याच्या उलट घडते. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याबरोबर उडून जातो. कातडी कोरडीच राहते, फार तर तिच्यावर मिठाचा पांढरा थर दिसतो. आपल्याला फारसा घाम आलाच नाही, असे चालणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ताशी एक लिटर किंवा अधिकही पाणी शरीरातून गेलेले असू शकते. आपली जाणीव इथे फसते आणि मोजमाप मात्र खरे बोलते.

‘मग भरपूर पाणी प्यावे, म्हणजे झाले,’ असे कोणी म्हणेल. तेही अर्धेच खरे आहे. घामाबरोबर मीठही जाते. काही न खाता तासन् तास नुसते पाणीच पीत राहिले तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही तिथली लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, आणि घाबरलेला माणूस आणखी पाणी पितो! म्हणून पाण्याच्या जोडीला खारट खाणे लागतेच.

धावणाऱ्यांचा आणखी एक समज असतो. ‘आम्ही लवकर वर येऊ, म्हणून आम्हाला उन्हाचा त्रास कमी.’ हा समज तपासून पाहा. धावल्याने एका किलोमीटरमागे निर्माण होणारी उष्णता कमी होत नाही, उलट काहीशी वाढते. मात्र ती निम्म्या वेळात निर्माण होते. घाम सुकण्याच्या वेगाला मर्यादा आहे. टाकीत पडणारी धार मोठी आणि बाहेर जाणारी नळी तेवढीच, अशी ही स्थिती असते. शिवाय वेगाच्या हव्यासापायी धावणारे पाणीही कमी बरोबर घेतात.

आता माझा मुख्य मुद्दा सांगतो. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले की उष्माघाताचा धोका उभा राहतो, आणि त्यात मेंदूवर लवकर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, वाट चुकतो, भलताच हट्ट धरतो. म्हणजे ‘आता परत फिरावे का?’ हे ज्या अवयवाने ठरवायचे, तोच अवयव ऐन वेळी दगा देतो. म्हणून परत फिरण्याची वेळ आणि जागा कड्यावर उभे असतानाच, डोके थंड असताना, ठरली पाहिजे. पुढे कितीही उत्साह वाटला तरी ती बदलता कामा नये. जिद्दीचे धडे आपण मुलांना पुष्कळ देतो, पण जिद्दीने पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता बदलत नाही.

यावर ‘मग या वाटा बंदच का करीत नाहीत?’ असा प्रश्न येईल. ते मला योग्य वाटत नाही. तेथील राष्ट्रीय उद्यानाने १९९७ पासून एक निराळा उपाय चालवला आहे. रक्षक आणि स्वयंसेवक वाटेवरच उभे राहतात आणि उतरणाऱ्यांना विचारतात, कुठवर जाणार, पाणी किती आहे, खायला काय घेतले आहे? उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात चढ टाळावा, उतरायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत करू नये, असे ते सांगतात. बंदीने माणूस त्या वाटेपुरता थांबतो. ज्ञान मात्र त्याच्याबरोबर पुढच्या डोंगरावरही जाते.

वाळवंटात धावणे मुळातच वेडेपणाचे आहे, असेही समजू नका. ब्राइट एंजल ही वाट हवासुपाई लोकांच्या जुन्या पायवाटेवरून झाली आहे. घळीच्या पूर्वेकडील उंच पठारांवर राहणारे होपी लोक पिढ्यान् पिढ्या धावत आले आहेत. पावसासाठीच्या प्रार्थनेशी त्यांच्या शर्यती जोडलेल्या आहेत. त्यांच्यातीलच लुई तेवानिमा याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. पण होपी धावपटूंची परंपरेतली वेळ पहाटेची. वाळवंटातला कांगारू उंदीरही दिवसा बिळात राहतो आणि रात्री बाहेर पडतो. तिथे टिकून राहिलेल्या प्रत्येकाने घड्याळ सांभाळले आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेची सहल गडावर जाईल तेव्हा निघण्यापूर्वी फळ्यावर तीन गोष्टी लिहाव्यात: प्रत्येकाजवळचे पाणी, अपेक्षित तापमान आणि परत फिरण्याची वेळ. विद्यार्थ्यांकडून वर केला तसा हिशेब करून घ्यावा. आणि माथ्याला पोचलेल्याचे कौतुक करताना, ठरलेल्या वेळी अर्ध्या वाटेवरून वळलेल्या मुलाला ‘घाबरट’ म्हणू देऊ नये. त्याने हिशेब बरोबर केला, हे सर्वांसमक्ष सांगावे. मित्रांनो, तुम्हीही पुढच्या डोंगराला निघण्याआधी हे गणित स्वतःच्या वजनाने आणि त्या डोंगराच्या उंचीने सोडवून पाहा.