व्यक्तिचित्राची वही

व्यक्तिचित्रणाच्या सरावाची वही ए५ आकाराहून मोठी नको. मोठी वही घरीच राहते आणि चेहरे तर घराबाहेरही असतात. किंचित दाणेदार कार्ट्रिज कागद, मांडणीसाठी एचबी आणि गडद छटांसाठी ४बी पेन्सिल एवढे सामान पुष्कळ झाले. खोडरबर शक्यतो दूरच ठेवावे. चुकलेली रेघ तशीच राहू देऊन तिच्या शेजारी दुसरी ओढली, की हात कोणत्या बाजूला आणि किती घसरतो ते कागदावरच दिसते. खोडलेल्या चुकीतून हे कळत नाही.

नवशिक्याची सर्वांत सामान्य चूक डोळ्यांच्या जागेची असते. बोलताना लक्ष डोळे, नाक, ओठ यांच्याकडे असते. त्यामुळे कागदावर तेच मोठे होतात आणि कपाळ व टाळू आक्रसतात. प्रत्यक्षात टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत डोळे जवळपास मध्यावर असतात. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढे अंतर असते. केसांच्या कडेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ आणि तिथून हनुवटी हे तीन भाग ढोबळमानाने सारखे भरतात, तर कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान येतात. ही मापे समोर पाहणाऱ्या ताठ डोक्याची झाली. मान खाली गेली की टाळू मोठी दिसते, डोळ्यांची रेषा वक्र होते आणि कान वर सरकल्यासारखे वाटतात.

मात्र ही प्रमाणे सरासरीची आहेत, आणि सरासरी चेहरा कोणाचाच नसतो. माणसाचे साम्य या मापांपासून तो कुठे ढळतो त्यात असते. कोणाची हनुवटी आखूड, कोणाचे डोळे जवळ, कोणाचे नाक आणि वरचा ओठ यांतले अंतर जास्त. म्हणून माप घ्यायला शिकणे हा या सरावाचा गाभा आहे. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने एक अंतर धरायचे आणि तेच दुसऱ्या अंतराशी ताडून पाहायचे. मग डोळे किलकिले करायचे. तपशील विरघळतात, डोळ्यांच्या खोबणीतली, नाकाखालची आणि गळ्यावरची सावली एकच आकार म्हणून दिसू लागते. तो आकार बरोबर बसला, की एकही पापणी न काढता माणूस ओळखू येतो. ओळखीचा माणूस पाठमोरा असला तरी दुरून ओळखता येतोच. डोके, मान आणि खांदे यांचा मेळ एवढा बोलका असतो. तरीही बहुतेक जण सुरुवात डोळ्याच्या बुबुळापासून करतात, आणि तिथेच चित्र फसते.

उजेड एका बाजूने हवा: दिवसा खिडकी, रात्री एकच दिवा. खोलीत दोन ट्यूबलाइट समोरासमोर लागल्या, की सावल्या पुसल्या जातात आणि चेहरा सपाट होतो.

मॉडेल म्हणून आरसा सर्वांत सोयीचा. रेम्ब्रांटने १६३० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, स्वतःच्याच चेहऱ्यावरचे राग, आश्चर्य, हसू यांचे छोटे अम्ललेख (एचिंग) केले. आरशात एक मर्यादा आहे: नजर नेहमी रोखलेलीच येते. ती घरच्या माणसांत मोकळी होते. वाचणारे आजोबा, टीव्हीसमोर बसलेली आई यांना पोझ द्यायला सांगावे लागत नाही. चित्रकार वासुदेव कामत यांना २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर ग्रँड पुरस्कार मिळाला, तो पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी.

लोकलमध्ये माणूस केव्हा उतरेल याचा भरवसा नसतो. दोन मिनिटांत डोक्याचा कल आणि मोठी सावली टिपायची, बाकी आठवणीतून पुरे करायचे. शाळेत चित्रकलेच्या इलेमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसाठी केलेल्या स्मरणचित्राचा सराव इथे उपयोगी पडतो. समोरची व्यक्ती अवघडली, तर वही मिटणेच योग्य.

मोबाइलमधला फोटो अडचणीच्या वेळी चालेल, पण प्रत्यक्ष माणसाला तो पर्याय नाही. जवळून घेतलेल्या फोटोत नाक फुगते, कान मागे सरकतात आणि गडद छाया एकसारखी काळी होते. शिवाय गोलाई कॅमेऱ्याने आधीच सपाट केलेली असते. ती कागदावर उतरवण्याची खरी मेहनत शिकणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही.

रोज पंधरा-वीस मिनिटे हे रविवारच्या तीन तासांपेक्षा अधिक फळते, कारण रोजच्या बैठकीत हाताला कालची चूक आठवत असते. एकच चेहरा महिनाभर, वेगवेगळ्या कोनांतून काढल्यास त्याच्या हाडांची रचना पाठ होते. प्रत्येक पानावर तारीख घालावी. पान पूर्ण झाल्यावर आरशासमोर धरावे. उलट्या प्रतिमेत वाकडा जबडा किंवा एक डोळा वर गेलेला लगेच दिसतो.

वयस्कर चेहरे आधी घ्यावेत, कारण त्यांत गालाचे हाड, जबडा, कपाळाची उतरण स्पष्ट असते. लहान मुले पुढे. त्यांचे डोळे डोक्याच्या मध्याच्या खाली असतात, गालांची गोलाई फिकट छटांनीच येते, आणि नाकाच्या बाजूची एक रेघ जरा गडद झाली तरी मूल दहा वर्षांनी मोठे दिसू लागते.