नमस्कार नको, प्रश्न टाका

भाचीने लिनक्सच्या अडचणीसाठी आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) उघडलं आणि विचारलं, "मामा, फोन नंबर कुठे टाकायचा?" कुठेच नाही, बाई! फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने १९८८ साली हे सुरू केलं, तेव्हा कुणाच्या खिशात फोन होते? लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कला जोडायचं, टोपणनाव घ्यायचं, तिरकी रेघ देऊन 'जॉइन' आणि पुढे हॅशसकट चॅनेलचं नाव टाइप केलं की आत. तिथे "कुणी आहे का?" म्हणत उंबऱ्यात घुटमळू नये. थेट प्रश्न विचारावा, लांबलचक एरर मात्र ओतू नये. उत्तराला वेळ लागतो. जाणकार कदाचित बर्लिनमध्ये घोरत असेल. निळ्या टिकांचा जाच नाही, सुप्रभातची फुलं नाहीत; व्हॉट्सअ‍ॅपच्या कुठल्याही ग्रुपपेक्षा ही जागा सभ्य आहे, लागली पैज! फक्त खिडकी बंद करू नका. तुमच्या माघारी आलेलं उत्तर सहसा कुणी जपून ठेवत नाही.