चहाच्या खोलीचा हिशेब



गेल्या महिन्यात माझी भाची घरी आली आणि म्हणाली, "मावशी, नोकरी सोडतेय. पुण्यात टी रूम काढायची आहे. आलं नाही, कांदा-लसूण नाही, सगळं आपल्यासारखं." तिची आई कपाळाला हात लावून बसली होती. मी मात्र वही-पेन घेऊन बसले. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण हिशेबाची खोड काही जात नाही.

मला विचाराल तर बाईने असा धंदा जरूर काढावा. हे काही नवीन खूळ नव्हे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात केट क्रॅन्स्टन नावाच्या बाईने 1878 मध्ये आपली पहिली टी रूम सुरू केली. तेव्हा तिथे दारूविरोधी चळवळीचा जोर होता. दारू नसलेली, बायकांनाही निवांत बसता येईल अशी जागा लोकांना हवीच होती. पुढे 1903 मधली तिची विलो टी रूम तर जगभर नावाजली. म्हणजे "आमच्याकडे हे मिळणार नाही" असं सांगूनही धंदा चालतो. आपल्या गवती चहा-पुदिन्याच्या चहालाही गिऱ्हाईक मिळेल. सुंठ चालत असेल तर आल्याची आठवणही होत नाही.

पण हौस वेगळी आणि वही वेगळी. तिने पाहिलेल्या जागेचं भाडं 70 हजार. दोन माणसांचा पगार 40 हजार. लाइट, गॅस, पाणी, किरकोळ मिळून 20 हजार. झाले 1 लाख 30 हजार. चहा आणि सोबत खाखरा-ठेपला असं माणशी 100 रुपयांचं बिल धरलं, तर 35 रुपये सामानाचे जातात, 65 हाती राहतात. म्हणजे महिन्याला 2000 गिऱ्हाइकं हवीत. आठवड्याची सुट्टी धरून 25 दिवस, रोज 80 माणसं. खुर्च्या 16, म्हणजे प्रत्येक खुर्ची दिवसातून पाच वेळा भरायला हवी. एकेक जण लॅपटॉप उघडून दोन-दोन तास बसला, तर नऊ तासांत ती पाच वेळा भरणार कशी? शिवाय वर्षाची उलाढाल 24 लाखांवर जाते, म्हणजे जीएसटीची नोंदणी आलीच.

एवढं झाल्यावर मी विचारलं, "यात तुझा पगार कुठे आहे?"

ती गप्प. "माझा कसला पगार, मावशी? माझंच तर आहे."

इथेच माझं मन दुखलं. आमच्या दुकानाच्या वह्या मी तीस वर्षं लिहिल्या. प्रत्येक नोकराचा पगार माझ्या अक्षरात आहे, माझं नाव एकाही पानावर नाही. मला कोणी फसवलं नाही. मीच ते लिहिलं नाही. घरचं म्हणून केलेलं काम खर्चात धरायचं नाही, ही आपली जुनी सवय. मग धंदा नफ्यात दिसतो आणि बाई फुकट राबते. मी तिच्या वहीत तिच्या नावाने 25 हजार लिहिले. लगेच 80 ची 95 माणसं झाली. शेवटी आम्ही रस्त्यावरची जागा सोडून आतल्या गल्लीतली 45 हजारांची पाहिली. आकडा पुन्हा 80 वर आला, आणि तिचा पगारही राहिला.

आता धर्माचं. पाणी गाळून घेणं, उरलेला चहा झाकून ठेवणं तिला सांगावं लागलं नाही. अडलं ते सूर्यास्ताशी. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. ती म्हणाली, "मावशी, गर्दी तर संध्याकाळीच असते." खरं आहे. पण आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदना असे तिन्ही सांगितले आहेत. मी स्वतः चौविहार करते. दुसऱ्याला रात्री खाऊ घालून पैसे मोजायला माझं मन घेत नाही. तरी धंदा तिचा, निर्णय तिचा. मी एवढंच म्हटलं, "रात्री चालू ठेवायचं असेल तर ठेव, पण मग पाटीवर 'जैन' लिहू नकोस. त्या शब्दावर विश्वास ठेवून कोणी म्हातारी आत येईल." तिने पाटीचा शब्द तूर्त कोरा ठेवला आहे. घाईने लिहिण्यापेक्षा ते मला बरं वाटलं.

तुमची लेक-सून असं काही काढू म्हणाली, तर आधी नाही म्हणू नका. वही आणा. पहिल्या ओळीत जागेचं भाडं लिहा, आणि दुसऱ्या ओळीत तिचा पगार.