आडनावावरून सोयरीक

स्वस्थ बसलेल्याला पळवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, असं माझं पक्कं मत झालं आहे. नाहीतर आमच्या भाच्याचा डोळा माझ्या गरीब लॅपटॉपवर का पडावा?

"मामा, किती स्लो आहे हो हा! ओव्हरक्लॉक करून टाकू. फुकटात पळेल."

'फुकटात' म्हटलं की मध्यमवर्गीय माणूस पाघळतो. मीही पाघळलो असतो. पण त्या लॅपटॉपात वडिलांच्या आठवणींची दोनशे पानं आहेत. त्यांच्याजवळ बसून मी ती टाइप केली. आता सांगणारे राहिले नाहीत. म्हणून विचारलं, "अरे, पण आतला प्रोसेसर कोणता?"

"आय-सेव्हन! बाहेर स्टिकर आहे की!"

ही झाली नुसत्या आडनावावरून जुळवलेली सोयरीक! अहो, २०१६ सालच्या आय७-७५००यू मध्ये कोअर अवघे दोन, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या आय५-८२५०यू मध्ये चार! टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'वर टिचकी मारली, तेव्हा पूर्ण नाव कळलं : आय७-८५५०यू. आता पत्रिका वाचा. ८ म्हणजे आठवी पिढी. शेवटचा 'यू' म्हणजे कमी विजेवर भागवणारा. आहार १५ वॅटचा. मूळ वेग १.८ गिगाहर्ट्झ, पण अंग थंड असलं तर घटकाभर ४ पर्यंत आपण होऊन धावतो. म्हणजे पळायचं शिक्षण कारखान्यातच झालेलं! शिवाय वेगाचा गुणक कुलूपबंद. उघड्या कुलपाच्या जातीत नावापुढे बहुधा 'के' लागतो.

"कुलूप नसतं तरी मी हात लावू दिला नसता," मी म्हटलं. वेग आणि व्होल्टेज दहा-दहा टक्क्यांनी वाढवा, उष्णता जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. टेबलावरच्या मोठ्या संगणकाला ते झेपेल. त्याच्या पोटात भलाथोरला पंखा मावतो. लॅपटॉपात एक तांब्याची नळी आणि पुरीएवढा पंखा! चिप शंभर अंशांना पोचली की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. म्हणजे चाबूक मारला पळण्यासाठी, आणि घोडा बसला खाली. वर त्या उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं ते वेगळंच. आणि असल्या पराक्रमाने बिघाड झाला, तर वॉरंटीवाले सहसा हात वर करतात.

भाचा हिरमुसला. मग आम्ही आधी ती दोनशे पानं पेन ड्राइव्हवर उतरवली आणि मागचं झाकण उघडलं. पंख्यावर धुळीची चांगली लोकर विणलेली होती! वर मी लॅपटॉप मांडीवरच्या गोधडीवर ठेवून वापरत होतो. ब्रशने धूळ काढली, लॅपटॉप टेबलावर मांडला, आणि गडी सुरळीत चालू लागला.

वडील सांगता सांगता मध्येच गप्प व्हायचे. दहा-दहा मिनिटं. मी कधी त्यांना घाई केली नाही. केली असती, तर त्या दोनशेतली निम्मी पानंही हाती लागली नसती.